श्रीलंकेला जाताय? आधी पावसाची बाजू बघा

जूनचा दुसरा आठवडा. बेंतोटाला आमची खोली थेट समुद्रावर होती, खिडकी उघडली की समोर लाट. पण किनाऱ्यावर लाल बावटा लागलेला आणि पाणी गढूळ, तांबूस. पाच दिवसांत मुलांना घोटाभर पाण्यातही उतरता आलं नाही. आमचं बुकिंग करणाऱ्याने "श्रीलंकेत बारा महिने सीझन असतो" असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. त्याच आठवड्यात बेटाच्या पलीकडच्या अंगाला, त्रिंकोमलीजवळच्या निलावेलीला, समुद्र तळ्यासारखा शांत होता आणि आकाश कोरडं ठणठणीत. सीझन होता, फक्त आम्ही चुकीच्या बाजूला उतरलो होतो.

त्यानंतर मी वेगवेगळ्या महिन्यांत चारदा श्रीलंकेला गेले. "कधी जावं?" असं कुणी विचारलं की मी आधी त्यांची सुट्टी विचारते, मग त्या सुट्टीत कोणती बाजू कोरडी असते ते सांगते. या लेखात तेच पायरीपायरीने मांडलं आहे.

पहिली पायरी: नकाशा घ्या आणि मधोमध डोंगर काढा

बेट लहान आहे. उत्तर-दक्षिण सुमारे ४३० किलोमीटर, पूर्व-पश्चिम जेमतेम २२०. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढं. पण मध्यभागापासून दक्षिणेकडे उंच डोंगरांचा पुंजका आहे. सर्वात उंच पिदुरुतलागला २,५२४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ ९०० मीटर उंच. श्रीलंकेचं सगळं हवामान या डोंगराभोवती फिरतं.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस फलटण-माणपर्यंत जाईतो आटतो, तसंच इथे होतं. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारा वाहतो, तोच जो आपल्याकडे जूनमध्ये येतो. तो श्रीलंकेच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य उतारावर पाणी ओततो. हॅटनजवळच्या वटवळ्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पलीकडे उतरलेला वारा कोरडा आणि तापलेला असतो. पूर्वेकडचे लोक त्याला 'कच्चान' म्हणतात. जुलैच्या दुपारी बट्टिकलोआला हा वारा तोंडावर आला तेव्हा भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटलं.

फरक पुढे आहे. आपला पाऊस सप्टेंबरअखेर संपतो, श्रीलंकेचा तेव्हा कूस बदलतो. डिसेंबर ते फेब्रुवारी वारा ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून पाणी घेऊन येतो. आता उत्तर आणि पूर्व किनारा भिजतो आणि गॉल-मिरिसाकडे लख्ख ऊन पडतं. तमिळनाडूतल्या माणसाला हा पाऊस घरचा, आपल्या अनुभवात तो नाही. आपल्याकडून जाणारे बहुतेक इथेच फसतात. डिसेंबर म्हणजे कोरडा, असं आपण गृहीतच धरतो.

या दोन मोसमांच्या मधे दोन संधिकाळ येतात. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी कडक ऊन आणि दुपारनंतर गडगडाट. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही दुपारचे गडगडाटी ढग असतातच, शिवाय उपसागरातले कमी दाबाचे पट्टे येतात आणि मग बाजूबिजू राहत नाही, सगळं बेट भिजतं.

आता नकाशावर तीन रंग भरा.

नैर्ऋत्य बाजू: नेगोंबो, कोलंबो, बेंतोटा, हिक्काडुवा, गॉल, उनावटुना, मिरिसा, रत्नपुरा, सिंहराजाचं जंगल, हॅटन आणि श्री पाद हा यात्रेचा डोंगर.

पूर्व-उत्तर बाजू: त्रिंकोमली, निलावेली, पासिकुडा, बट्टिकलोआ, अरुगम बे, जाफना.

मधला भाग: सिगिरिया, दांबुल्ला, पोलोन्नरुवा, अनुराधापुरा. इथे खरा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी पडतो, बाकी काळ बऱ्यापैकी कोरडा. कँडी दोन्ही मोसमांच्या काठावर आहे, त्यामुळे तिथे थोडाफार पाऊस केव्हाही गाठतो. एल्ला डोंगराच्या पूर्व उतारावर असल्याने जून-जुलैत तुलनेने कोरडं आणि ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये ओलं. 'याला' नावाच्या अभयारण्याचा आग्नेय कोपरा बेटावरच्या कोरड्या भागांत मोडतो.

तिथले शेतकरीही वर्षाचे असेच दोन भाग करतात. ईशान्य मोसमी पावसावरचा मोठा हंगाम 'मह' आणि नैर्ऋत्येच्या काळातला लहान हंगाम 'यल'. मधल्या भागात जानेवारीत गेलात तर दांबुल्ल्याच्या आसपास डोळ्यांत मावणार नाही एवढा हिरवा भात दिसतो. ऑगस्टमध्ये तीच जमीन पिवळी-तपकिरी पडलेली असते आणि 'वेवा', म्हणजे तिथले प्राचीन तलाव, आक्रसलेले असतात.

दुसरी पायरी: आपली सुट्टी आणि त्यांची बाजू जुळवा

आपण हवामान बघून सुट्टी घेत नाही. शाळेचं वेळापत्रक येतं आणि त्यात प्रवास बसवावा लागतो. म्हणून महिन्यांच्या तक्त्यापेक्षा आपल्या सुट्ट्यांवरून जाणं सोपं पडतं.

उन्हाळ्याची सुट्टी. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंतचा हा काळ एकसारखा नसतो. ५ ते १५ एप्रिलच्या सुमारास सूर्य श्रीलंकेच्या बरोबर डोक्यावर येतो, दुपारी उभ्या काठीची सावली जवळपास नाहीशी होते. उकाडा भयंकर आणि दुपारी विजा. १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. कोलंबो रिकामं होतं, दुकानं बंद, बसगाड्या तुरळक, आणि पैसेवाली मंडळी डोंगरातल्या नुवारा एलिया या थंड हवेच्या गावी चढतात. तिथे फुलांची प्रदर्शनं, घोड्यांच्या शर्यती आणि दुप्पट-तिप्पट भाडी. त्या आठवड्यात नुवारा एलिया टाळाच. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा मला बरा वाटतो: दक्षिण किनारा अजून पोहण्याजोगा असतो आणि पूर्व किनारा नुकता उघडलेला असतो. मेच्या मध्यानंतर मात्र पूर्वेकडे वळा. कोलंबोत सर्वाधिक पाऊस मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडतो, जुलै-ऑगस्टमध्ये नव्हे. मे २०१६ आणि मे २०१७ या दोन्ही वर्षी नैर्ऋत्य भागात पूर आणि दरडींनी मोठी जीवितहानी झाली होती.

जून ते ऑगस्ट. ज्यांना तेव्हा रजा मिळते, आणि विशेषतः परदेशातून उन्हाळी सुट्टीत भारतात येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी, हा पूर्व किनाऱ्याचा सुवर्णकाळ. निलावेलीसमोरच्या पिजन आयलंडला मास्क लावून पाण्यात डोकं घातलं की प्रवाळाभोवतीचे मासे आणि नशिबात असेल तर लहान शार्कही दिसतात. पासिकुडाला पाणी दूरवर उथळ आहे, लहान मुलांना यासारखा किनारा नाही. अरुगम बेला सर्फिंग करणारे जगभरातून येतात.

याच काळात सिगिरियाजवळच्या मिन्नेरिया अभयारण्यात जे घडतं ते बघण्यासाठी मी पुन्हा जाईन. पूर्वेकडे पाऊस नसल्याने तलावाचं पाणी मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं. त्या गवतासाठी आजूबाजूच्या जंगलांतले हत्ती जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तिथे जमतात. शंभर-दोनशे, कधी त्याहूनही जास्त. आम्ही साडेचारला पोचलो तेव्हा एक हत्तीण पुढच्या पायाच्या नखांनी गवत खरवडून मुळासकट उपटत होती, ते मांडीवर आपटून माती झटकत होती आणि मग तोंडात घालत होती. तिच्या पोटाखाली उभं असलेलं पिल्लू तिची नक्कल करत होतं, पण त्याच्या सोंडेत नुसती मातीच येत होती. एखाद्या वर्षी तलाव भरलेला राहिला तर हत्ती शेजारच्या कौडुल्ला किंवा हुरुलूच्या जंगलाकडे जातात. जीपवाल्याला आदल्या संध्याकाळी "आज हत्ती कुठे होते?" एवढंच विचारा आणि तो म्हणेल तिकडे जा.

ईसला या सिंहली महिन्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, कँडीचा पेराहेरा, म्हणजे मोठी धार्मिक मिरवणूक, असतो: दहा रात्री नटवलेले हत्ती, कँडियन नर्तक, मशाली. त्या दिवसांत कँडीत खोली हवी असेल तर महिनोन्महिने आधी पकडा.

दिवाळीची सुट्टी. इथे मी मोकळेपणाने सांगते, हा वर्षातला सर्वात बेभरवशाचा काळ. तरी आपल्याकडच्या सर्वाधिक टूर याच वेळी निघतात, कारण सुट्टी तेव्हाच असते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मधल्या भागाची सहल छान होऊ शकते, पण नोव्हेंबर उजाडला की धोका वाढतो. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दित्वा चक्रीवादळ श्रीलंकेवर आलं. कँडी, नुवारा एलिया, बदुल्ला, मातले या डोंगरी जिल्ह्यांत दरडी कोसळल्या आणि देशभरात सहाशेहून अधिक माणसं गेली. डोंगरातला रेल्वेमार्ग ठिकठिकाणी तुटला. दिवाळीतच जायचं ठरलं असेल तर मुक्काम कमी ठिकाणी ठेवा, डोंगरात दोनपेक्षा जास्त रात्री काढू नका आणि रद्द करता येईल असंच बुकिंग करा. समुद्राची आशा धरू नका. अनुराधापुरा, पोलोन्नरुवा, गॉलचा किल्ला, कोलंबो या जागा पावसाच्या सरीतही बघता येतात.

'याला' अभयारण्याचा मुख्य भाग दुष्काळी दिवसांत, बहुधा सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतो. त्या काळात विल्पट्टू किंवा उडवलवे या अभयारण्यांचा पर्याय हाताशी ठेवा.

नाताळ आणि जानेवारी. नैर्ऋत्य किनारा ऐन बहरात. समुद्र निळा, हवा कोरडी, भाडी चढलेली. मिरिसाहून देवमासे बघायच्या बोटी साधारण नोव्हेंबर ते एप्रिल निघतात. त्याच वेळी त्रिंकोमलीत पाऊस आणि खवळलेला समुद्र. सिगिरियालाही जानेवारीच्या मध्यापर्यंत सरी येतात, तेव्हा दोन सकाळी हाताशी ठेवा, एक वाया गेली तर दुसरी आहे.

फेब्रुवारी आणि मार्च. कुणी मला विचारलं की एकदाच जायचं आहे आणि सगळं बघायचं आहे, तर मी डोळे मिटून हाच काळ सांगते. ईशान्येचा पाऊस ओसरलेला, नैर्ऋत्येचा अजून लांब, डोंगर स्वच्छ, दक्षिण समुद्र शांत. शाळकरी मुलं असतील तर परीक्षा आड येतात. ज्येष्ठ मंडळींनी तर हेच दिवस निवडावेत.

तिसरी पायरी: ठिकाणं एका बाजूने ओवा

बहुतेक तयार सहलींत आठ दिवसांत अख्खं बेट फिरवतात. रामायणाशी जोडलेल्या ठिकाणांची सहल तर चिलावच्या मुन्नेश्वरमपासून त्रिंकोमलीच्या कोनेश्वरमपर्यंत आणि नुवारा एलियाजवळच्या सीता अम्मन मंदिरापासून एल्ल्याच्या रावण धबधब्यापर्यंत जाते. ती दोन्ही बाजू कापते, म्हणजे बहुतेक महिन्यांत निदान एका टोकाला पाऊस भेटणारच. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी जरूर जावं, पण फेब्रुवारी ते एप्रिलची सुरुवात या काळात.

बाकीच्यांनी बाजू निवडावी. मे-मध्य ते सप्टेंबरसाठी माझा मार्ग असा: विमानतळावरून थेट सिगिरिया (तीन-साडेतीन तास, रात्री उतरलात तर नेगोंबोला झोपा), तिथे तीन रात्री, मिन्नेरिया आणि पोलोन्नरुवा तिथूनच. मग निलावेली, दोन-अडीच तासांवर, तीन रात्री. परतताना कँडी. कँडीहून एल्ला जोडायचं असेल तर पुढे अरुगम बे अडीच-तीन तासांवर आहे, पण मग दहा-अकरा दिवस हवेत.

डिसेंबर ते मार्चसाठी: कोलंबो, कँडी, नुवारा एलिया किंवा एल्ला, तिथून खाली वेल्लवायामार्गे 'याला' अभयारण्य, मग मिरिसा-गॉल, आणि दक्षिण एक्स्प्रेसवेने परत. या मार्गात डोंगरातून उतरताना सकाळी स्वेटर आणि दुपारी घामाच्या धारा, असा एकाच दिवसात दोन ऋतूंचा अनुभव येतो.

अंतरावर जाऊ नका, तास मोजा. कोलंबो ते कँडी ११५ किलोमीटर, पण तीन ते चार तास धरा. कँडी ते नुवारा एलिया ७५ किलोमीटर, वळणांचे अडीच-तीन तास, पाऊस असेल तर त्यावर आणखी एक. रोज चार तासांपेक्षा जास्त गाडीत बसावं लागत असेल तर एक ठिकाण कापा.

जाफनाचं वेगळं आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे पाऊस, एप्रिलपासून कडक उन्हाळा. नल्लूरच्या कंदस्वामी मंदिराचा पंचवीस दिवसांचा उत्सव जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान येतो, ऊन सोसूनही तो बघावा असा. नागपट्टिनम ते कांकेसनतुरै ही बोट २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आणि ईशान्य मोसमी हवामानामुळे आठवड्याभरातच थांबवावी लागली. पुढच्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्या बोटीने जायचा बेत असेल तर हिवाळ्याच्या तोंडावर आखू नका आणि परतीचं विमान त्याला टांगून ठेवू नका.

चौथी पायरी: दिवस पहाटे सुरू करा

विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर दिवस जवळपास सारखाच असतो. सहाच्या आसपास उजाडतं, सहा-साडेसहाला मावळतं आणि मावळलं की झटकन अंधार होतो. घड्याळ भारताचंच. कोणत्याही मोसमात सकाळ भरवशाची आणि दुपार ढगांची, असं धरून चाला. संधिकाळात तर दुपारी दोननंतरचं काहीच ठरवू नका.

सिगिरियाचा खडकावरचा प्राचीन किल्ला सकाळी उघडल्या उघडल्या चढा. सुमारे बाराशे पायऱ्या आहेत, वर सावलीचा मागमूस नाही आणि लोखंडी जिने दहानंतर तापतात. कड्यावर गांधीलमाशांची पोळी आहेत, शांत राहण्याच्या पाट्या तिथे उगाच लावलेल्या नाहीत.

नुवारा एलियाजवळच्या हॉर्टन प्लेन्स पठाराच्या 'वर्ल्ड्स एंड' कड्यावर नऊच्या आत पोचायला हवं. दहानंतर खालून धुकं चढतं आणि समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही उरत नाही. म्हणजे नुवारा एलियाहून पहाटे पाचला निघणं आलं. जानेवारी ते मार्च सर्वात चांगलं.

श्री पाद, २,२४३ मीटर, डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या वेसाक, म्हणजे बुद्ध पौर्णिमेपर्यंत चढतात. त्या काळात वाटेवर रात्रभर दिवे, चहाची दुकानं, वयस्कर बायकांची भजनं. बाकीच्या महिन्यांत दिवे नसतात, वरती वारा उभं राहू देत नाही आणि पायऱ्या निसरड्या. हॅटनच्या बाजूने पाच हजारांच्या वर पायऱ्या आहेत. सीझनबाहेर घरच्यांना घेऊन चढू नका.

पाचवी पायरी: डोंगर आणि रेल्वे

कँडी ते एल्ला गाडी सहा-सात तास घेते आणि तो प्रवास सगळ्यांना करायचा असतो. आरक्षण साधारण महिनाभर आधी उघडतं आणि लगेच संपतं. दित्वाच्या नुकसानीनंतर कोणता टप्पा चालू आहे हे रेल्वेकडून किंवा तिथल्या मुक्कामाच्या मालकाकडून विचारूनच दिवस ठरवा. पूर्ण प्रवास जमला नाही तर नुवारा एलियाजवळचं नानु ओया स्टेशन ते एल्ला एवढाच टप्पा घ्या, सुंदर भाग तोच आहे.

याच मार्गावर पट्टिपोला हे श्रीलंकेतलं सर्वात उंच स्टेशन आहे, सुमारे १,८९० मीटर. पुढे एक बोगदा लागतो. मी ऑगस्टमध्ये गेले तेव्हा पट्टिपोल्याला काचेवर पाणी ओघळत होतं, फलाटावरचा शिट्टीवाला ताडपत्री पांघरून उभा होता. गाडी बोगद्यात शिरली आणि पलीकडे ओहियाच्या बाजूला निघाली, तेव्हा खिडकीत ऊन. झाडं कोरडी, रुळांवर धूळ. समोरच्या बाकावरच्या आजींनी माझ्याकडे बघून हात उलटा-सुलटा करून दाखवला: इकडे असं, तिकडे तसं. नकाशावर जो डोंगर मी तुम्हाला काढायला सांगितला, तो त्या डब्यात मला अर्ध्या मिनिटात ओलांडता आला.

रस्त्याने जात असाल तर दरडीचा इशारा रोज बघा. तिथली राष्ट्रीय बांधकाम संशोधन संस्था जिल्हावार तीन पातळ्यांचे इशारे देते: पिवळा, केशरी, लाल. माझा नियम असा: पिवळ्याला चालकाशी बोला आणि उजेडातच प्रवास संपवा, केशरीला त्या जिल्ह्यात नव्याने चढू नका, लालला असाल तिथून अधिकारी सांगतील त्या सुरक्षित जागी जा. चालक "काही होत नाही" म्हणाला तरी भरपावसात रात्रीचा घाट नको. आंबेनळी, वरंध, माळशेज माहीत असलेल्या माणसाला हे जास्त सांगायला नको.

मोठ्या पावसानंतर रावण धबधब्यासारख्या ठिकाणी खालच्या डोहात उतरू नका. वरच्या बाजूला पडलेलं पाणी खाली ऊन असतानाही लोंढा होऊन येतं.

सहावी पायरी: समुद्राशी खेळू नका

आपल्यापैकी बहुतेकांना पोहता येत नाही आणि समुद्र दिसला की राहवत नाही. म्हणून हे नीट वाचा. मोसमाच्या उलट्या बाजूला समुद्र ऊन असतानाही धोक्याचा असतो. वरून शांत दिसणाऱ्या पट्ट्यात पाण्याची ओढ आत जाणारी असते. लाल बावटा असेल तर घोटाभर पाण्यातही नाही. बावटाच नसेल तर किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारा, आणि त्याच्या होड्या दिवसाढवळ्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतील तर विचारायचीही गरज नाही. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर या आणि मग वळा.

देवमाशांच्या बोटीवर जायच्या आदल्या रात्री हलकं जेवा आणि उलटीची गोळी निघायच्या आधी घ्या. बोट डोलायला लागल्यावर घेतलेली गोळी उपयोगाची नाही.

सातवी पायरी: अंदाज कसा वाचायचा

मोबाइलवरच्या अॅपमध्ये श्रीलंकेसाठी बहुतेक दिवस ढग-पावसाचंच चित्र दिसतं आणि लोक घाबरून सहल रद्द करतात. ते चित्र चोवीस तासांत कधीतरी एक सर येईल एवढंच सांगतं. तासावारी अंदाज उघडा. दुपारी तीन ते सहा पाऊस असेल तर तुमची सकाळ मोकळी आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत सलग दोन-तीन दिवस पाऊस दिसला तरच बेत बदला.

श्रीलंकेच्या हवामान खात्याचं संकेतस्थळ सिंहली, तमिळ आणि इंग्रजीत आहे. निघायच्या आठवडाभर आधीपासून रोज बघा. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये त्यासोबत आपल्या भारतीय हवामान खात्याची चक्रीवादळांची पत्रकंही वाचा, बंगालच्या उपसागरातल्या वादळांची सूचना शेजारी देशांना दिल्लीहूनच जाते. उपसागराच्या नैर्ऋत्य भागात कमी दाबाचा पट्टा असं वाचलंत की पूर्व किनारा आणि डोंगर दोन्ही सोडा.

हे नंबर फोनमध्ये साठवा: आपत्ती व्यवस्थापन केंद्र ११७, पोलीस ११९, आणि १९९० ही 'सुवसेरिया' रुग्णवाहिका. ती मोफत आहे आणि भारताच्या मदतीने सुरू झाली.

पौर्णिमेचीही नोंद अंदाजाच्या जोडीने ठेवा. दर पौर्णिमेला 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते, दारू मिळत नाही, मंदिरांत गर्दी होते. मेमधल्या वेसाकला रस्तोरस्ती कंदील आणि 'दन्सल', म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण-सरबत. पाऊस असला तरी लोक रांगेत उभे असतात. त्या दिवशी प्रवास ठेवू नका, असाल त्या गावात थांबा आणि रांगेत उभं राहा.

आठवी पायरी: बॅग

छत्री एक, पण डोंगरासाठी डोक्यावरून घालायचा पोंचो हवाच. पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. नुवारा एलियासाठी खरा स्वेटर घ्या. गाव १,८६८ मीटरवर आहे, जानेवारी-फेब्रुवारीच्या पहाटे कधीकधी गवतावर दहिवर गोठतं आणि साध्या हॉटेलांत हीटर नसतो. सिंहराजासारख्या ओल्या जंगलात जळवा असतात: लांब मोजे पँटवर चढवा, आणि जळू चिकटलीच तर ओढून न काढता नखाने कडेने सरकवून सोडवा.

डासांचं मलम विसरू नका. मलेरिया श्रीलंकेतून गेला, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये तसं जाहीर केलं. पण डेंग्यू आहे आणि तो दोन्ही पावसांच्या पाठोपाठ वाढतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे मलम सकाळीच लावा. परत आल्यावर पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाचं आधी सांगा.

ऊन लागलं तर रस्त्याच्या कडेला केशरी शहाळी टांगलेली दिसतील, तिथे 'थंबिली' म्हणतात. दोघांत एक पुरतं.

आणि जाड सुती मोज्यांचा एक जुना जोड हाताच्या पिशवीत वेगळा ठेवा. अनुराधापुराला स्तूपाभोवतीच्या फरशीवर चपला चालत नाहीत आणि दुपारी बाराला ती फरशी तव्यासारखी तापते. रुवनवेलीसायच्या आवारात माझ्या सासूबाई चार पावलं टाकून थांबल्या, एक पाय वर धरून. बाजूने जाणाऱ्या पांढऱ्या साडीतल्या बाईंनी आपल्या पिशवीतून मोजे काढून त्यांच्या हातात दिले आणि स्वतः अनवाणीच पुढे गेल्या.